उजवीकडे पसरलेली चादर

माझे वडील घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात की बोटीवर जागा कशी धरावी हे त्यांच्याकडून शिकावं. भाऊच्या धक्क्यावरून सुटून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात उतरणारी ती आगबोट बंद होऊन युगं लोटली. आजच्या पोरांनी ती पाहिलेलीही नाही, त्यामुळे वडिलांना अडवणारा कुणी नसतो. चहाचा पहिला घोट झाला की ते सुरू होतात. "मुंबईहून जाताना डावी बाजू धरायची. किनारा डावीकडे असतो. हिला माहेर दिसावं म्हणून मी धावत जाऊन वरच्या डेकवर डावीकडे चादर टाकली होती." पाहुण्या बायका कौतुकाने मान डोलावतात. नवरा असावा तर असा, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं.

हे धादांत खोटं आहे. मी तिथे होते. तेव्हा मी अकरावीत होते, डोळे धड होते, आणि डावं-उजवं मला चांगलं कळत होतं.

आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. चाळीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं कोकणातली. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. मार्च संपला की चाळीच्या गॅलरीत एकच विषय निघायचा: यंदा बोटीने जायचं तर बसायचं कुठे? याच्यावर प्रत्येकाचं ठाम मत असे. चिमणीजवळ बसू नका, काजळीने कपड्यांची वाट लागते. पुढच्या टोकाला नको, तिथे अंगावर पाणी उडतं. खालच्या डेकवर तेलाचा आणि मासळीच्या पाट्यांचा वास कोंडतो, तिथे धडधाकट माणसालाही बोट लागते. कॅन्टीनजवळ चहा मिळतो, पण रात्रंदिवस लोकांचे पाय अंगावरून जातात. भांडणं व्हायची यावरून. एकदा तर दोन शेजाऱ्यांनी शिडीच्या कोणत्या अंगाला वारा जास्त, यावरून आठवडाभर अबोला धरला होता, आणि त्या वर्षी दोघांपैकी एकालाही रजा मिळाली नव्हती.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. जाताना डावी बाजू, येताना उजवी. वरचा डेक, आणि शक्यतो मधोमध, कारण बोट तिथे कमी हलते. जाताना डावीकडे सकाळी ऊन लागतं खरं, पण दुपार कलली की सूर्य दुसऱ्या अंगाला जातो आणि डावीकडचे लोक सावलीत पाय पसरून किनारा बघत बसतात. उजवीकडच्यांच्या वाट्याला नुसतं पाणी आणि तोंडावर ऊन. "सकाळी सोसा, दुपारी बसा," असं तळमजल्यावरची काकू म्हणायची. शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. वडिलांना तर होतंच होतं.

आता टोपीचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि सांगताना माझं डोकं फिरल्याशिवाय राहत नाही.

आईचं माहेर गुहागरच्या बाजूला, समुद्राला लागून. वडिलांचं गाव जयगडला उतरून आत. मध्ये एक खाडी. तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, पलीकडे गेलं की एसटीने आईचं माहेर सकाळच्या सकाळी गाठता येई. मी लहान असताना आम्ही दर मे महिन्यात जायचो. मग माझ्या मामाचं लग्न झालं. लग्नात जावयांना टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन मान करायची आमच्याकडे रीत. मांडवात मानकरी जास्त झाले, आणि वडिलांची पाळी आली तेव्हा टोप्या संपल्या. त्यांच्या खांद्यावर टॉवेल पडला, हातात नारळ आला, आणि डोकं उघडं राहिलं. शेजारी बसलेल्या आईच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मात्र टोपी मिळाली होती. मामाने हात जोडले, संध्याकाळपर्यंत बाजारातून आणून देतो म्हणाला. वडील नारळ तिथेच ठेवून उठले.

"थोरला जावई तेवढा जावई, आणि मी काय भाडोत्री?" एवढं बोलून ते मांडवाबाहेर पडले. त्या घराची पायरी चढायची नाही, त्यांनीही आमच्या दारात यायचं नाही, असा हुकूम त्यांनी वाटेतच काढला. हुकूम म्हणजे आईला. त्यांना स्वतःला तिथे जाऊन करायचं तरी काय होतं!

माझ्या वडिलांनी त्याआधी आणि त्यानंतर आपणहून डोक्यावर टोपी घातलेली मी पाहिलेली नाही. भांग पाडायला त्यांना पाव तास लागायचा, त्यावर ते टोपी कशाला घालतील? तरी त्या एका टोपीपायी आईचं माहेर तुटलं. आईची आई ती लहान असतानाच गेलेली. तिला वाढवलं ते थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या मावशीने. मावशी गावातच दिलेली, माहेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आईला माहेर म्हणजे मावशीच. दर वर्षी आम्ही जयगडला उतरायचो, वडिलांच्या गावी महिनाभर राहायचो, आई सासरच्या गोठ्यात शेण काढायची आणि खाडीच्या पलीकडे तिची बहीण असायची. सासरची माणसं वडिलांच्याच बाजूची. एकटी बाई खाडी ओलांडून गेली असती तर ती कुठे निघाली हे तरीवाल्यानेच आधी घरी कळवलं असतं.

आई कधी भांडली नाही. याचाही मला राग आहे. मी तिला म्हणायचे, "आई, तू सरळ जा ना. काय करणार आहेत ते?" ती म्हणायची, "तुला नाही कळायचं." मला सगळं कळत होतं.

त्या वर्षी मात्र तिने एक बेत केला. आईच्या गावाकडे एक जुनी पद्धत होती. आपलं माणूस बोटीत आहे असं कळलं की घरचे लोक समुद्रावरच्या कड्यावर जायचे आणि सुक्या झावळ्यांचा ढीग पेटवायचे. बोट काही त्या गावाला थांबत नसे, ती लांबूनच पुढे जाई. पण धूर दिसायचा. बोटीतल्या माणसाने तो पाहिला की कठड्याशी उभं राहून चादर हलवायची. कड्यावरून ती दिसायची की नाही देव जाणे, पण हलवायची. भेट झाली असं धरायचं.

तळमजल्यावरची काकू आईच्याच गावची. ती आमच्या आधी एसटीने पुढे गेली. आईने तिच्याजवळ निरोप दिला: अमुक दिवशी बोटीत असेन, वरच्या डेकवर, डावीकडे. चादर हलवीन. निरोप देताना मी जिन्यात उभी होते. आई इतक्या हळू बोलत होती की काकूला दोनदा विचारावं लागलं.

वडिलांना यातलं किती माहीत होतं? सगळं. चाळीत काही लपून राहत नाही. आदल्या संध्याकाळी वळकटी बांधताना आई जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "अहो, जागा डावीकडे धरा हं."

"बघू," वडील म्हणाले.

सकाळी टॅक्सीने आम्ही धक्क्यावर पोचलो. ट्रंक, वळकटी, पत्र्याचे दोन डबे, पाण्याचा फिरकीचा तांब्या. रांगेतल्या प्रत्येक बाप्याच्या काखेत एक चादर होती. फाटक उघडलं की हे सगळे बाप्ये फळीवरून धावत सुटायचे आणि मनासारखी जागा दिसली की चादर झटकून पसरायचे. चादर पडली की जागा त्याची. मग तिथे कुणी ट्रंक ठेवणार नाही, चप्पल घालून पाय देणार नाही, मालक चहा प्यायला गेला तरी कुणी सरकवणार नाही. पोलीस नाही, पावती नाही, पण कायदा पक्का. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की एकदा चादर उचलली की जागा गेली. मग तुम्ही राजे असा नाहीतर रंक.

वडील धावले. आम्ही दोघी सामान ओढत मागून गेलो. वर पोचलो तर वडील चादरीवर मांडी ठोकून बसलेले. उजवीकडे.

आई उभीच राहिली. डोक्यावर वळकटी तशीच होती.

"अहो, डावीकडे म्हटलं होतं ना?"

"तिकडे ऊन आहे."

"बाबा, दुपारी इकडे येईल ऊन," मी म्हटलं. "आणि तिकडे अजून जागा आहे. ती बघा, तिथे, मधोमध. मी नेते चादर."

"तू गप बस गं. मला शिकवू नकोस. इकडे समुद्राचा वारा येतो."

डावीकडे खरंच जागा होती. मी डोळ्यांनी बघत होते. माझ्यादेखत तिथे एक निळी चादर पडली, मग एक हिरवी, मग एक गोधडी, आणि बघता बघता डावी बाजू भरून गेली. वडील रुमालाने मान पुसत तिकडेच बघत होते. शेवटची जागा भरल्यावर त्यांनी पाय पसरले. तो क्षण मला इतका लख्ख आठवतो की आत्ताही हातातलं काहीतरी आपटावंसं वाटतं. चुकून नव्हती टाकली त्यांनी ती चादर. ऊनही नव्हतं आणि वाराही नव्हता. टोपी होती.

बोट सुटली. डावीकडे मजा चालली होती. एकेक गाव येई, त्या गावचे लोक उठून कठड्याशी जात. एखादं देऊळ दिसलं की हात जोडत, कुणी नारळ फेकी. "ते बघ आपलं घर," म्हणत पोरांना उचलून घेत. घर कसलं दिसतंय, माडांची एक रेघ दिसे, पण सांगणाऱ्याला ते दिसत असे. आम्ही उजवीकडे पाणी बघत होतो. पाणी किती वेळ बघणार? आमच्या शेजारी जे उजवीकडे बसले होते ते उशिरा आल्यामुळे बसले होते, आणि तसं ते दर थोड्या वेळाने बोलूनही दाखवत होते. धावत पहिल्यांदा येऊन उजवी बाजू घेणारे एकटे माझे वडील.

दुपारी समुद्राने अंग हलवायला सुरुवात केली आणि वडिलांना बोट लागली. आता हेही सांगते, कारण घरात कायम "हिला बोट लागते" असं बोललं जाई. आईला कधीही बोट लागली नाही. समुद्राकाठी वाढलेली बाई ती. बोट लागायची वडिलांना. पण पुरुषाला बोट लागते हे चाळीत सांगायचं कसं, म्हणून ती आईच्या नावावर लागायची. आई वाटेत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, आणि उतरल्यावर तेच सगळ्यांना सांगायचे, "हिला सांभाळता सांभाळता माझी झोप गेली."

वडील चादरीवर आडवे झाले. वळकटी उशाला, नाकाशी लिंबू, डोळे मिटलेले. आई पेपराने वारा घालत होती. ऊन आमच्या अंगाला आलं होतंच, चाळीतल्या सगळ्यांनी सांगितलं होतं तसं. वरचं कापडी छत काय कामाचं, सूर्य छताच्या खालून सरळ तोंडावर. डावीकडची माणसं सावलीत बसून शेंगा फोडत होती.

मग तिकडून कुणीतरी ओरडलं, "दाभोळ! दाभोळ इलां!"

आईचा पेपराचा हात थांबला. दाभोळ मागे पडलं की थोड्या वेळाने तिचं गाव. मी म्हटलं, "आई, तू जा. मी बसते बाबांजवळ."

"चादर हवी," ती म्हणाली.

"वळकटीत आहे ना दुसरी."

वळकटी सुंभाने करकचून बांधलेली आणि वर वडिलांचं डोकं. मी माझी ओढणी काढून पुढे केली. आईने ती हातात घेतली, बघितली आणि परत माझ्या खांद्यावर ठेवली. "चादर सांगितल्येय," ती म्हणाली. "ओढणीला ती काय ओळखेल?"

ती वडिलांकडे वाकली. "अहो, जरा उठता का? गाव येतंय."

वडिलांनी डोळे उघडले नाहीत. "कुणाचं गाव?"

मी तिथे होते म्हणून सांगते, त्यांनी असं विचारलं. कुणाचं गाव? लग्न होऊन इतकी वर्षं झालेल्या बायकोला. मी काहीतरी बोलणार होते, फार वाईट बोलणार होते, पण त्याआधी आई उठली. तिने पदर कमरेला खोचला. ट्रंक पायाने बाजूला सारली, डबे बाजूला केले. मग चादरीची दोन टोकं धरली आणि ओढली. निजलेल्या मुलाला न उठवता अंथरूण काढतात तशी हळू नव्हे, चांगली हिसडून. वडील गडगडत लाकडी फळ्यांवर गेले. लिंबू हातातून सुटून कुणाच्या तरी ट्रंकेखाली गेलं.

"अगं, जागा!" वडील ओरडले.

आईने मागे पाहिलं नाही. ती दुसऱ्यांच्या चादरी चुकवत, मधल्या बोटभर फटीतून पाय टाकत डावीकडे निघाली. मी मागोमाग. कठड्याशी दाटी होती. एका म्हाताऱ्या बाबाने तिच्या हातातली चादर पाहिली आणि लगेच समजला. "माहेर काय गो बाये? ये, फुडे ये. ए पोरांनो, सरका रे, हंयसर तिका उभी रवांदे." माणसं सरकली. कुणी काही विचारलं नाही.

किनारा चांगला लांब होता. तांबूस कडा, खाली पांढरी रेघ, वर झाडी. आई डोळे बारीक करून बघत होती. मला एक धूर दिसला. मग दुसरा दिसला. मग लक्षात आलं की मे महिना आहे, सगळ्या कोकणात भाजावळ चालू आहे, जो तो पेरणीआधी आपलं शेत भाजतोय. किनाऱ्यावर इथे धूर, तिथे धूर. त्यातला मावशीचा कोणता?

"तो," आई म्हणाली. तिने बोटसुद्धा दाखवलं नाही. आणि तिने चादर उघडली.

ती सोलापुरी चादर होती, जाड, काळ्या-तांबड्या चौकड्यांची. वाऱ्याने ती आईला मागे लोटत होती. आईने दोन्ही हात वर करून ती हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग खांदे दुखेपर्यंत. मी एक टोक धरायला गेले तर ती म्हणाली, "सोड, मी एकटी हलवते." धूर मागे पडला, कडा मागे पडला, पुढच्या गावचे लोक कठड्याशी यायला लागले, तेव्हा तिने चादर खाली घेतली. तिची चोळी घामाने भिजली होती. तिने चादरीची घडी घातली, टोकाला टोक जुळवून, घरी घालते तशी.

परत आलो तर आमच्या जागेवर एका कुटुंबाची सतरंजी पडली होती. कायदा तो कायदा. वडील ट्रंकेला धरून उभे होते, चेहरा हिरवट झालेला.

"जागा घालवलीस," ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

जयगड यायला फार वेळ नव्हता. तेवढा वेळ आम्ही शिडीच्या कडेला उभे राहिलो, तर त्यातही वडिलांनी असा चेहरा केला की जणू आम्ही त्यांचं घर विकून खाल्लं. ती सगळी सुट्टी ते आईशी बोलले नाहीत. काही हवं असलं की मला सांगत, "तुझ्या आईला सांग." मी सांगत नसे. मग त्यांना स्वतः उठून घ्यावं लागे.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलुंडला हॉल घेतला. पत्रिका काढायच्या वेळी मी वडिलांना सांगितलं, "मावशी आणि मामा येणार असतील तर मी बोहल्यावर उभी राहीन. नाहीतर तुम्ही उभे राहा." आई आत भांडी घासत होती, तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. वडिलांनी दोन दिवस आदळआपट केली. पण मुलाकडच्यांना तारीख दिलेली, लोक काय म्हणतील हे भूत त्यांच्या मानगुटीवर माझ्यापेक्षा घट्ट बसलं होतं. आईने स्वतः मुलुंडच्या बाजारात जाऊन टोप्या आणल्या. सगळ्या पाहुण्यांना पुरून निम्म्या उरतील इतक्या.

पण गंमत पुढे झाली. मामा आला तोच हातात टोपी घेऊन. हॉलमध्ये सगळ्यांदेखत त्याने वडिलांच्या डोक्यावर ती ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, पाया पडला. "दाजी, तेव्हा चुकलो." आणि माझे वडील विरघळले. डोळ्यांत पाणीबिणी आलं त्यांच्या. मामाला मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मुंडावळ्या बांधून बसले होते आणि माझं डोकं असं तापलं होतं की भटजींनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. एवढंच? एवढंच होतं? एक टोपी डोक्यावर ठेवली की संपणार होतं, तर एवढी वर्षं आईने काय म्हणून काढली? मामा पहिल्याच संध्याकाळी टोपी आणून देणार होता. ती तेव्हा घेतली असती तर?

जेवणं झाल्यावर मावशी आईच्या शेजारी बसली. ती खूप थकली होती. आईचा हात तिने मांडीवर घेऊन ठेवला होता, सोडतच नव्हती. "अगं, तुझ्या बोटीच्या दिवशी मी ढीगभर झावळ्या जाळल्या," ती म्हणाली. "आणि तू दिसलीस हो मला. पांढरी चादर हलवत होतीस. पांढरीशुभ्र. किती वेळ हलवलीस!"

मी आईकडे पाहिलं. ती चादर आमच्याकडे अजून होती, काळ्या-तांबड्या चौकड्यांची.

"हो गं," आई म्हणाली. "पांढरीच होती."

मला तिथेच रडू कोसळलं. सगळ्यांना वाटलं सासरी जाते म्हणून. दोघी बहिणी समोरासमोर बसून एकमेकींना जे दिसलं नव्हतं ते दिसलं म्हणून सांगत होत्या, कारण त्यांच्या पदरात दुसरं काही पडूच दिलं नव्हतं कुणी. आणि ज्याने पडू दिलं नव्हतं तो नवी टोपी घालून तिथेच उभा होता.

वडिलांनी ऐकलं होतं. ते पुढे सरसावले. "दिसणारच! जागा कुणी धरली होती? मी! धावत जाऊन डावीकडे चादर टाकली, म्हटलं हिला माहेर दिसू दे." ते मामाकडे वळून हसले. मामाही हसला. आज सगळं गोडच बोलायचं होतं.

आईने मावशीचा हात सोडला नाही, मान वर केली नाही. पण म्हणाली ती खणखणीत.

"उजवीकडे."

मग वडील म्हणाले, "तिकडे ऊन होतं," आणि कुणीतरी विड्याचं तबक पुढे केलं. मावशीचं खोटं आईने पोटात घातलं होतं. नवऱ्याचं घातलं नाही.

तेव्हापासून वडील ही गोष्ट सांगत आलेत, आणि दर वेळी आई जिथे असेल तिथून, ओट्यापाशी भाजी चिरताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना, तेवढा एकच शब्द म्हणायची. चिडून नाही. पाहुण्यांना वाटायचं नवरा-बायकोची थट्टा आहे. वडील थोडं थांबायचे, खोकायचे आणि पुढे जायचे.

मावशी गेली. दोन वर्षांपूर्वी आईही गेली. वडील आता माझ्याकडे असतात. गोष्ट सुटलेली नाही. मागच्या रविवारी माझ्या सुनेच्या माहेरची माणसं आली होती. चहाचा घोट झाला, बोट धक्क्यावरून सुटली. "हिला माहेर दिसावं म्हणून मी वरच्या डेकवर डावीकडे चादर टाकली होती," असं म्हणून ते थांबले. आई गेल्यापासून ते तिथे थांबतात. स्वयंपाकघराकडे बघतात. आता अडवणारं कुणी उरलं नाही, याची खात्री करून घेत असतील. किंवा तो शब्द ऐकल्याशिवाय त्यांना पुढचं सुचत नसेल. ते काय आहे याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

मी ओट्यापाशी होते. हातातली सुरी खाली ठेवली.

"उजवीकडे," मी म्हणाले, आणि आईपेक्षा मोठ्याने म्हणाले.